भाच्याचं सिबिल

माझ्या भाच्याचं क्रेडिट कार्ड गेल्या पोळ्यापासून आमच्याकडे तुरीच्या डाळीच्या डब्यात आहे. डाळीवर नव्हे, डाळीच्या आत, बुडाशी. भाचा नागपुरात मिहानमध्ये नोकरीला आहे आणि सणावाराला आर्वीला येतो. पोळ्याच्या दिवशी तो आला, मामीच्या हातात कार्ड ठेवलं आणि म्हणाला, "मामी, हे ठेवून द्या. मी मांगितलं तरी देऊ नका." आमच्या घरात आजवर शेजाऱ्यांचे दागिने, भिशीचे पैसे, एका पाहुण्याचं कोरं चेकबुक असं बरंच काही सांभाळून झालं आहे, त्यामुळे बायकोने कारण विचारलं नाही. मी विचारलं. आमच्या भागात मामा भाच्याच्या पाया पडतो. त्यामुळे भाच्याला दरडावायचं तर ते दोन टप्प्यांत करावं लागतं. आधी वाकायचं, मग उठून रागवायचं. तेवढ्यात गुडघे बोलतात आणि राग निम्मा होतो.

कारण तसं चांगलं निघालं. त्याला आर्वीतलं आईचं कौलारू घर उतरवून तिथे स्लॅबचं घर बांधायचं आहे. पंचवीस लाखांचं कर्ज लागणार. तो बँकेत चौकशीला गेला, तेव्हा तिथल्या साहेबांनी आखीव पत्रिका, नकाशा, पगाराच्या पावत्या हे सगळं बाजूला सारलं, आधी कॉम्प्युटरकडे पाहिलं आणि सांगितलं, "अर्ज आज देऊ नका. सहा महिने कार्डं नीट वापरा, मग या." माझी आपली समजूत, की घराला जागा लागते, रेती, गिट्टी, लोहा लागतो आणि शब्दाला जागणारा गवंडी लागतो. आता या यादीत एक तीन आकडी संख्या आली आहे, आणि ती रेतीच्याही आधी लागते.

बाजार समितीच्या आवारात, कृषी केंद्राच्या बाकावर, 'त्याचं सिबिल खराब आहे' असं हल्ली आवाज खाली आणून सांगतात. मूळचं हे एका कंपनीचं नाव. ती निघाली २००० साली. माणसामाणसाच्या कर्जाच्या नोंदी ठेवण्याचं तिचं काम २००४ मध्ये सुरू झालं, त्याचा कायदा २००५ चा, आणि ३०० ते ९०० मधला तो गुण बँकांना २००७ पासून दिसायला लागला. ज्याचा गुण त्याला स्वतःला तो पाहायला मिळायला मात्र २०११ उजाडलं. चार वर्षं आपली गोष्ट बँकेला ठाऊक आणि आपल्याला नाही. आता देशात असं काम करणाऱ्या चार कंपन्या आहेत, पण आर्वीत चौघींना मिळून एकच नाव आहे.

भाच्याने त्याचा अहवाल छापून आणला होता. २०१७ पासून प्रत्येक कंपनीने वर्षातून एकदा तो फुकट द्यायचा, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. स्वतःचा अहवाल स्वतः पाहिला की गुण कमी होतात, ही समजूत खोटी आहे, पण आर्वीपासून अमरावतीपर्यंत पक्की आहे. हजेरीपट भरण्यात आयुष्य गेलेल्या माणसाला चौकोनांची भीती वाटत नाही, म्हणून मी चष्मा लावून बसलो. प्रत्येक कर्जाखाली, प्रत्येक कार्डाखाली मागच्या छत्तीस महिन्यांचे छत्तीस चौकोन. हप्ता किंवा बिल जितके दिवस चुकलं तितका आकडा त्या महिन्याच्या चौकोनात. वेळेवर भरलं असेल तर तीन शून्यं. शाळेत मी एखाद्या मुलाला एक शून्य दिलं तरी त्याचे वडील सायकलवरून भांडायला येत. इथे तीन शून्यं मिळाली की माणूस उत्तम.

भाच्याची शून्यं दृष्ट लागण्यासारखी होती. मध्येच एका चौकोनात ०२७. मी बोट ठेवलं. तो म्हणाला, "ते सहाशे चाळीस रुपयाचं बिल होतं, मामा. त्या महिन्यात मोबाइल नंबर बदलला, मेसेज जुन्या नंबरवर गेला." सहाशे चाळीस रुपये. त्याच्या लग्नात याहून जास्त पैशांचा अहेर लोकांनी नुसता लिहून घेतला आणि दिलाच नाही. पण चौकोनात रक्कम दिसत नाही, दिवस दिसतात. तीन दिवसांपर्यंतचा उशीर कार्डवाल्यांनी थकबाकी म्हणून कळवायचा नाही, एवढी सवलत आहे. सत्ताविसाव्या दिवशी ती कशी मिळणार?

पण साहेबांनी त्याला थांबवलं ते या ०२७ साठी नव्हतं. खरी भानगड पॉइंटांची होती.

भाच्याकडे दोन कार्डं. एकाची मर्यादा एक लाख, दुसऱ्याची पन्नास हजार. त्याचा पगार हातात पंचेचाळीस हजार. पण त्याच्या कार्डावरून महिन्याला नव्वद हजारांची खरेदी व्हायची, कारण अख्ख्या ऑफिसची रेल्वे तिकिटं, दोन मित्रांच्या घरची विजेची बिलं आणि आमच्या बहिणीची औषधं तोच भरायचा. लोक त्याला रोख द्यायचे किंवा फोनवरून पाठवायचे, आणि पॉइंट याचे. वेळेवर सगळं बिल भरायचा, एक रुपया व्याज नाही. दीड वर्ष हे समाजकार्य करून त्याला एक टोस्टर मिळाला. आमच्याकडे सकाळी पोहे होतात आणि दुपारी पोळ्या. तो टोस्टर खोक्यातच आहे. पण सिबिलच्या वहीत काय दिसत होतं? दीड लाखाच्या मर्यादेतले नव्वद हजार, म्हणजे साठ टक्के, हा मनुष्य दर महिन्याला उचलतो. पंचेचाळीस हजार पगारावर. वहीला टोस्टर ठाऊक नाही. तिला तो गळ्यापर्यंत बुडालेला दिसला. इकडचे पॉइंट वाढत गेले आणि तिकडचे घटत गेले.

"पण मी तर पूर्ण भरत होतो ना?" हा त्याचा प्रश्न मलाही रास्त वाटला. त्याचं उत्तर साहेबांनी दिलं. बिल निघतं त्या दिवशी जी बाकी असते तीच साधारणपणे वहीत जाते. ती तुम्ही पुढच्या पंधरा-वीस दिवसांत भरता ही वेगळी गोष्ट. म्हणजे महिनाअखेर खिसा पूर्ण भरलेला असताना फोटो न काढता, नेमका उधारी टोकाला असताना काढतात. उपाय साधा आहे. बिल निघायच्या दोन दिवस आधीच बहुतेक रक्कम भरून टाकायची आणि एकूण वापर मर्यादेच्या तीस टक्क्यांच्या आत ठेवायचा. पूर्वी बँका ही माहिती महिन्याला पाठवत. १ जानेवारी २०२५ पासून ती दर पंधरवड्याला पाठवायचा नियम आला. त्यामुळे सुधारलेल्या माणसाची दखल लवकर घेतली जाते. बिघडलेल्याचीही.

हे ऐकून आल्यावर भाच्याच्या अंगात वैराग्य संचारलं. एक कार्ड डाळीत गेलं आणि दुसरं, एक लाखवालं, जुनं, तो बंदच करायला निघाला होता. बंद करणं आता सोपं आहे. अर्ज दिल्यावर आणि बाकी चुकती असल्यावर सात कामाच्या दिवसांत त्यांनी बंद केलं नाही तर दिवसाला पाचशे रुपये दंड त्यांनी तुम्हाला द्यायचा, असा २०२२ पासून नियम आहे. पण ऐन घरकर्जाच्या तोंडावर जुनं कार्ड बंद करणं म्हणजे पायावर धोंडा. दीड लाखात तीस हजार वापरले तर वीस टक्के होतात. मोठं कार्ड गेलं की उरलेल्या पन्नास हजारांत तेच तीस हजार साठ टक्के होतात. खर्च तोच, माणूस तोच, आणि तो एका अर्जाने उधळ्या ठरतो. शिवाय इतक्या वर्षांचा चांगल्या वागणुकीचा दाखला त्या जुन्या कार्डाशीच बांधलेला. अंथरूण पाहून पाय पसरावे, असं आम्ही मुलांना शिकवलं. बँकेचं म्हणणं असं, की अंथरूण ऐसपैस घ्या, पाय मात्र तिसऱ्या हिश्शात आखडून ठेवा, आणि आम्ही पंधरा दिवसांनी पांघरूण उचलून पाहू.

डाळीतल्या कार्डाचं मात्र मला हसू आलं. कारण त्या कार्डाचा नंबर त्याच्या फोनमधल्या पाच-सहा दुकानांनी कधीच पाठ करून ठेवला आहे. डब्यात ठेवलं ते नुसतं प्लास्टिक. बायकोला मी हे सांगितलं नाही. ती डाळ काढताना वाटी फार जपून घालते.

आमच्या लहानपणी ही सगळी वही किराणा दुकानात असायची, लाल कापडाच्या पुठ्ठ्याची. आर्वी कापसाचं गाव. कापूस बाहेर नेण्यासाठी पुलगाव-आर्वी ही छोटी लाईन १९१७ मध्ये टाकली गेली. त्या गाडीने आर्वी सोडली त्याला जमाना झाला, उधारी मात्र गावातच राहिली. पेरणीपासून दिवाळीपर्यंत गाव उधारीवर जगायचं आणि कापूस विकला की चुकता करायचं. १९७२ मध्ये सरकारची एकाधिकार कापूस खरेदी आली, तेव्हा चुकारा हप्त्यांनी यायला लागला आणि किराणावाल्याची वहीही हप्त्यांनी चुकती व्हायला लागली. त्याने कधी छत्तीस चौकोन आखले नाहीत. चेहरा पाहायचा. चुकारा अडकलाय हे त्याला आपल्या आधी ठाऊक असायचं. पोळ्याला बैलांच्या साजाचं सामान उधार मागायला गेलेल्या माणसाला तो नाही म्हणाल्याचं मी पाहिलं नाही. ऋण काढून सण करू नये असं दुकानात लिहिलेलं असे, पण ते त्याच्या पाठीमागच्या भिंतीवर.

मागच्या पिढीची ही दुकानं आठवली की सगळ्यांचा गळा दाटून येतो. माझा येत नाही. कारण त्या दुकानदाराचा पहिला प्रश्न मला आठवतो: "कोनाचा रे तू?" उत्तरावर तागडी हलायची. कोणत्या वाड्यातला, कोणत्या मोहल्ल्यातला, बापाची शेती किती, हे ठरल्यावर शेर-दीड शेर तेल मिळायचं किंवा नाही मिळायचं. माझ्या वर्गातली काही मुलं अशी होती, की त्यांनी कधी एक पैसा बुडवला नाही आणि त्यांना कधी एक पैसा उधार मिळालाही नाही. सिबिलच्या अहवालात नाव, जन्मतारीख, पॅन, पत्ते आणि फोन नंबर असतात. जात विचारणारा रकाना मी शोधला, नाही. एवढ्यासाठी त्या तीन शून्यांचे मी तीन गुन्हे माफ करायला तयार आहे.

पहिला गुन्हा हा, की न घेतलेल्या कर्जाचं पुण्य ही वही लिहीत नाही. मी माझं घर भविष्य निर्वाह निधीतून पैसे काढून बांधलं. ते माझेच पैसे, वहीला त्याचा पत्ता नाही. कार्ड घेतलं नाही, स्कूटर रोखीने, फ्रिज भिशीत. भाच्याने हौसेने माझंही सिबिल काढलं, तर गुणाच्या जागी 'एनएच' असं आलं. म्हणजे इतिहास नाही. चाळीस वर्षं मुलांना इतिहास शिकवला, त्याचं हे फळ. पण मग मी विचार केला, इथून दीड-दोन तासांवर सेवाग्राम आहे. पाठकोऱ्या कागदावर पत्रं लिहिणारा आणि पै-पैचा हिशेब मागणारा एक म्हातारा १९३६ पासून तिथे राहत होता. त्याचा अहवाल काढला असता तरी हेच आलं असतं, इतिहास नाही. तेव्हापासून मला बरं वाटतं. रिझर्व्ह बँकेनेही आता बँकांना सांगितलं आहे, की पहिल्यांदाच कर्ज मागणाऱ्याचा अर्ज केवळ इतिहास नाही म्हणून नाकारू नका. ऑगस्ट २०२५ मध्ये सरकारने लोकसभेत तेच सांगितलं.

दुसरा गुन्हा, वहीला पाऊस कळत नाही. २०१७ मध्ये गुलाबी बोंडअळीने आमच्याकडचा कापूस झाडावर असताना खाल्ला. त्या वर्षी ज्यांचं कर्ज थकलं त्यांच्या चौकोनात दिवसांचे आकडे आले, बोंडअळीचं चित्र आलं नाही. पुढे कोणी बँकेशी बोलून थोडं कमी भरून कर्ज मिटवलं, तर तिथे 'सेटल्ड' असा शेरा. ऐकायला किती छान वाटतं. आमच्या मुलाचं सेटल झालं म्हणतात ना! प्रत्यक्षात पुढचा बँकवाला तो शेरा वाचून खुर्ची मागे सरकवतो. कार्डाचं जुनं भांडण मिटवायचं म्हणून निम्म्यात तडजोड करणाऱ्यांनी हे आधी ऐकावं. परवडत असेल तर पूर्ण भरावं आणि खातं 'बंद' लिहून घ्यावं. पीककर्जापुरती सरकारची भूमिका वेगळी आहे. मे २०२५ मध्ये राज्यस्तरीय बँकर्स समितीच्या बैठकीत मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीसांनी बँकांना शेतकऱ्यांकडे सिबिल मागू नका असं बजावलं. घरकर्जाला असं बजावणारं कोणी नाही.

तिसरा गुन्हा वहीचा नसेलही, कार्डाचाच आहे, पण मी एकत्र मोजतो. बिलावर एक लहानशी रक्कम ठळक छापलेली असते, कमीत कमी एवढे भरा. भाच्याच्या एका सहकाऱ्याची बाकी पन्नास हजार होती आणि तो दरमहा तेवढीच लहान रक्कम भरत होता. समजा ती अडीच हजार. व्याज महिन्याला साडेतीन टक्के धरलं तर साडेसतराशे, त्यावर अठरा टक्के जीएसटीचे तीनशे पंधरा. अडीच हजारांतून मुद्दल उतरलं चारशे पस्तीस रुपये. आणि पूर्ण भरलं नाही की नव्या खरेदीवरही पहिल्या दिवसापासून व्याज. साडेतीन टक्के महिना म्हणजे बेचाळीस टक्के वर्ष. आमच्या आज्याच्या काळी सावकार बियाण्याला सवाई-दिढी लावायचा. पेरणीला पोतं नेलं की सुगीला सव्वा नाहीतर दीड. त्याला आम्ही गोष्टींमध्ये अजून शिव्या देतो. महाराष्ट्रात आज परवाना असलेल्या सावकारालासुद्धा बिगरशेतकऱ्याच्या विनातारण कर्जावर वर्षाला १८ टक्क्यांच्या वर घेता येत नाही. कार्डांच्या व्याजाला राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ मध्ये ३० टक्क्यांची मर्यादा घातली होती, ती सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये उठवली. सावकाराच्या दारात जाताना माणूस खाली मान घालून, मागच्या गल्लीने जायचा. कार्ड मात्र तो पेट्रोल पंपावर चारचौघांत ऐटीत काढतो.

भाच्याला व्याज नव्हतं, पण हप्ते होते. एक मोटारसायकलचा, तीन हजार शंभर. दुसरा फोनचा, बिनव्याजी, चोवीसशे. "तो काही कर्ज नाही मामा, नो-कॉस्ट हाये." साहेबांनी कागदावर गणित मांडून दाखवलं ते त्याने मला मांडून दाखवलं आणि मी चौथीच्या मुलाचं तपासावं तसं परत तपासलं. सगळे हप्ते मिळून पगाराच्या निम्म्यापर्यंत जावेत, एवढं त्यांचं धोरण. पंचेचाळीस हजारांचं निम्मं साडेबावीस हजार. वीस वर्षांचं कर्ज साडेआठ टक्क्यांनी धरलं तर लाखाला साधारण ८६८ रुपये हप्ता, म्हणजे पंचवीस लाखांना एकवीस हजार सातशे. बसतं. पण मोटारसायकल आणि फोन यांचे साडेपाच हजार आधीच गेलेले. उरले सतरा हजार, त्यात बसतात एकोणीस लाख साठ हजार. म्हणजे फोन आणि गाडीने मिळून साडेपाच लाखांच्या आसपास खाल्ले. आर्वीत तेवढ्यात ओसरी, देवघर आणि वरचा जिना येतो. भाचा बराच वेळ त्या फोनकडे पाहत होता. फोनचे राहिलेले हप्ते त्याने दिवाळीच्या बोनसमधून एकदम भरले. मोटारसायकलचे मार्चपर्यंत संपतात.

गुणांचा दुसरा फटका व्याजदरात. घरकर्जाचे दर २०१९ पासून रेपो दरासारख्या बाहेरच्या मापाशी जोडलेले आहेत, पण त्यावर बँक आपली जी भर घालते ती पुष्कळदा तुमच्या गुणांवर ठरते. साडेआठऐवजी नऊ टक्के लागले तर पंचवीस लाखांवर महिन्याला आठशे रुपयांचा फरक. आठशे म्हणजे काही नाही, असं भाचा म्हणाला. मी म्हटलं, दोनशे चाळीस हप्त्यांनी गुण. एक लाख नव्वद हजारांच्या वर. त्याने मग टोस्टरचं खोकं कपाटाच्या वर, दिसणार नाही असं ठेवलं.

मध्यंतरी त्याला घाई झाली आणि चार बँकांत अर्ज टाकून कोण स्वस्त देतं ते पाहावं असं त्याच्या मनात आलं. साहेबांनी फोनवरच अडवलं. प्रत्येक अर्जाबरोबर तो बँकवाला तुमची वही उघडतो आणि उघडल्याची नोंद राहते. थोड्या दिवसांत अशा चार-पाच नोंदी दिसल्या की पुढच्याला वाटतं, हा दारोदार का फिरतो आहे? म्हणून दर नुसते विचारायचे, पाटीवर वाचायचे, आणि अर्ज ठरवून एक किंवा दोन ठिकाणी. नवीन कार्डाला तर या दिवसांत हातही लावायचा नाही. नेमक्या याच दिवसांत त्याला रोज दोन फोन यायचे, 'सर, तुमच्यासाठी कार्ड मंजूर झालंय.' घरासाठी हात पसरला तर सहा महिने थांबा, आणि न मागता कार्ड हजर. न मागता कार्ड पाठवायला बंदी आहे, फोन करायला नाही.

अहवालात आणखी एक गंमत होती. एक सोनंतारण कर्ज, जे याने कधी घेतलंच नाही. आमच्याकडे आजोबांचं नाव नातवाला ठेवतात आणि पाचदहा नावांत अख्खा तालुका भागवतात, त्यामुळे नाव, बापाचं नाव, आडनाव सगळं जुळणारा दुसरा कोणीतरी होता. बिचारा हप्ते वेळेवर भरत होता, पण कर्ज याच्या नावावर. ऑनलाइन तक्रार केली. तक्रार तीस दिवसांत निकाली काढली नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला शंभर रुपये भरपाई, असा २०२४ पासून नियम आहे. ते कर्ज मुदतीच्या आतच निघालं. भाच्याला आनंद झाला, पण पूर्ण नाही. त्याने एकतिसाव्या दिवसापासूनचा हिशेब मनात मांडून ठेवला होता.

संक्रांत उलटली तोवर गुण चढले. आधी ७०९ होते, ते ७४६ झाले. साडेसातशेला चार कमी. बहिणीने देवाला नारळ बोलला. ती टाकरखेडला लहानुजी महाराजांकडे जाऊन आली, आणि तिथे तिने नेमकं काय मागितलं हे मी विचारलं नाही. पोरगी, नोकरी, पाऊस यांची मागणी महाराजांच्या कानावर रोज पडत असेल, चार गुण पहिल्यांदाच पडले असतील.

मग साहेबांनी सुचवलं, सहकर्जदार घ्या. भाच्याने आधी माझ्याकडे पाहिलं. माझं वय आणि कर्जाची वीस वर्षं यांची बेरीज कोणत्याच बँकेला परवडणारी नव्हती, शिवाय मी 'एनएच'. मग सुनेचं पाहिलं. ती नागपुरात एका दवाखान्यात परिचारिका आहे. तिचं एकच कार्ड, मर्यादा चाळीस हजार, त्यावर फक्त पेट्रोल आणि मोबाइलचं रिचार्ज, आणि बिल आपोआप कापलं जातं. पॉइंट म्हणजे काय हे तिला माहीत नाही. गुण ८०३. लग्न ठरवताना आमच्या बहिणीने मुलीची उंची, शिक्षण, स्वयंपाक, मामेकुळ सगळं विचारलं होतं. हे कोणी विचारलं नव्हतं. आठशे तीन कळल्यापासून बहीण गावभर सांगत फिरते, की आम्ही पोरगी पारखून आणली.

आणि जागा बहिणीच्या नावावर असल्यामुळे तिचीही सही लागणार, म्हणजे तिचाही अहवाल. घरात सगळ्यांचे श्वास अडकले, कारण तिने बायकांच्या गटातून शिलाई मशीनसाठी, मग म्हशीसाठी, मग पुन्हा मशीनसाठी कर्ज घेतलेलं. पण गटात एकीचा हप्ता राहिला की बाकीच्या तिच्या ओसरीत येऊन बसतात, म्हणून बहिणीने एक हप्ता चुकवलेला नाही. सगळीकडे तीन-तीन शून्यं. गुण ७७१. पोरापेक्षा पंचवीस जास्त.

त्याच संध्याकाळी तिचा फोन आला. तिचं घर आमच्यापासून तीन गल्ल्या पलीकडे आहे. एरवी काही सांगायचं तर ती चालत येते. आधी तिने सुनेचे गुण सांगितले, मग स्वतःचे, मग पोराचे जरा घाईत. मग म्हणाली, "दादा, तुह्यं किती हाये?"

मी म्हटलं, "हॅलो? हॅलो? आवाज तुटून राह्यला."